‘टाळेबंदी’ आणि ‘भरणे’
औद्योगिक परिभाषेत ‘टाळेबंदी’ म्हणजे मालकाने कामगारांस कामाची जागा बंद करणे. २५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी निर्बंधांस मराठी वृत्तपत्रांनी हाच शब्द योजिला. यंत्रमागांच्या भिवंडीत या दोन अर्थांतील सीमारेषा पुसट झाली : माग थांबले, मजुरीही थांबली. किराणा दुकाने मात्र जीवनावश्यक म्हणून उघडी होती. परंतु ‘किराणा भरणे’ या प्रयोगात महिन्याचे वेतन व घरचे डबे गृहीत असतात; सुपरमार्केटचा व्यवहारही त्याच गृहीतावर चालतो. कापडाच्या मापाने मजुरी घेणारा परप्रांतीय मागकामगार पुष्कळदा ‘भिशी’त जेवतो. (इतरत्र बहुधा सामायिक बचतीचा वाचक असलेला हा शब्द येथे खानावळीचा वाचक आहे.) त्याने भरावे ते कशात? मे २०२० च्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरकडे श्रमिकांची विशेष रेल्वेगाडी निघाली.