बदलते ऋतुमान आणि माणसाचे मूल

एका आषाढात मये गावची एक आजी नातवाला घेऊन माझ्या डिचोलीच्या दवाखान्यात आली. मूल आठ महिन्यांचे, नुकतेच आधाराशिवाय बसू लागलेले. तपासणी आटोपल्यावर आजीने सहज विचारले, "डॉक्टरबाब, गोठ्यातले वासरू जन्मल्यावर तासाभरात उभे राहते. मग माणसाच्या पोराला चालायला वर्ष का लागते?" प्रत्येक प्राण्याची वाढ वेगळी असते, असे ठरावीक उत्तर मी दिले. आजीचे समाधान झाले असेल. माझे झाले नाही. कारण या प्रश्नाचे खरे उत्तर लाखो वर्षांच्या पावसापाण्यात दडलेले आहे. आपल्या स्मरणिकेच्या निमित्ताने ते मांडण्याचा हा प्रयत्न.

तौंगचे बालक

१९२४ साली दक्षिण आफ्रिकेत तौंग येथील चुनखडीच्या खाणीतून एका बालकाची कवटी बाहेर आली. जोहान्सबर्गचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये ती मानवाच्या पूर्वजाची असल्याचे जाहीर केले. जबड्यात दुधाचे दात होते आणि पहिली कायमची दाढ नुकतीच उगवत होती. आपल्या मुलांना ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. म्हणून डार्ट यांनी बालकाचे वय सहा वर्षे धरले. पुढे १९८० च्या दशकात दातांच्या वाढीचा सूक्ष्म अभ्यास झाला, तेव्हा ते मूल जेमतेम तीन-चार वर्षांचे असावे असे दिसून आले.

बालरोगतज्ज्ञाला या दुरुस्तीचा अर्थ चटकन उमगतो. दोन पायांवर चालणारा तो पूर्वज वानरांप्रमाणे झपाट्याने मोठा होत होता. लांबलेले बालपण माणसाला नंतर मिळाले. ते कशामुळे मिळाले?

अरण्य, माळरान आणि कुळागर

आफ्रिका कोरडी होत गेली, अरण्य हटले, माळरान पसरले आणि त्या माळावर माणूस घडला, असे डार्ट यांचे मत होते. आपणही विद्यार्थिदशेत हेच वाचले. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही, परंतु अपुरे आहे. इथिओपियात सापडलेला ४४ लाख वर्षांपूर्वीचा आर्डिपिथेकस जमिनीवर दोन पायांनी चालत असे, तरीही तो झाडीच्या प्रदेशातच राहत होता.

आता संशोधकांचे लक्ष कोरडेपणापेक्षा लहरीपणाकडे वळले आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे सुमारे वीस ते तेवीस हजार वर्षांच्या आवर्तनात मोसमी पाऊस बळावतो आणि पुन्हा क्षीण होतो. आजचे सहारा वाळवंट दहा हजार वर्षांपूर्वी गवताळ होते आणि तेथे सरोवरे होती. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतील मोठमोठी सरोवरे याच रीतीने कित्येकदा भरली आणि आटली. किनियातील ओलोर्गेसायली येथे दीर्घकाळ उत्खनन करणारे स्मिथसोनियन संस्थेचे रिक पॉट्स यांनी असे प्रतिपादन केले, की अशा अस्थिर काळात कोणत्याही एका परिस्थितीला चपखल बसणारा प्राणी टिकत नाही. टिकतो तो बदलाशी जुळवून घेणारा.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्याची सारी भिस्त एका भातपिकावर, त्याला एक वाईट साल पुरे होते. कुळागरवाल्याचे तसे नसते. पोफळी गेली तर माड आहे, केळ पडली तर मिरी, फणस, सुरण आहेतच. मानववंशाच्या इतिहासात पॅरॅन्थ्रोपस नावाची शाखा भातशेतीसारखी ठरली. तिच्या अवाढव्य दाढा आणि दणकट जबडे ठरावीक तऱ्हेच्या अन्नासाठी घडले होते. सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी ती नामशेष झाली. आपली शाखा कुळागरासारखी होती. फळे, कंद, मांस, मज्जा, जे मिळेल ते दगडी हत्यारांनी मिळवावे आणि खावे, ही तिची रीत. तिचे खरे हत्यार मात्र मेंदू हेच होते.

मेंदूची किंमत

हा मेंदू फार महाग पडला. नवजात अर्भकाचा मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा, म्हणजे प्रौढ मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पहिल्या वर्षात तो दुपटीहून अधिक वाढतो आणि विश्रांतीत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा एकटा खातो. जी टाळू आपण रोज बोटांनी चाचपतो, ती या वाढीसाठी मोकळी ठेवलेली जागा होय. वासराचा मेंदू जन्मतःच बराचसा तयार असतो, म्हणून ते तासाभरात उभे राहते. माणसाचे मूल अर्धवट घडलेले जन्मते आणि भोवतालच्या जगात, त्या जगाप्रमाणे, पुढे घडते. अनिश्चित ऋतुमानात हेच उपयोगी ठरले असावे. उद्याचे जग कसे असेल हे ठाऊक नसताना सारे गर्भातच ठरवून टाकण्यापेक्षा शिकण्यासाठी अवधी राखणे शहाणपणाचे.

या अवधीसाठी अर्भकाला शिदोरीही मिळाली. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या वजनात सुमारे १२ ते १५ टक्के चरबी असते. सस्तन प्राण्यांत हे प्रमाण असाधारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पुणे परिसरातील व इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनमधील अर्भकांची तुलना प्रसिद्ध केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. टंचाईतही शरीर आधी काय राखते, याचा हा आपल्याच घरातील पुरावा म्हणता येईल. पुढे भरपूर खायला मिळाले की हीच देणगी मधुमेहाची वाट सोपी करते, हेही आपण रोज पाहतो.

इनामगावची मुले

आपल्या भूमीत अशा काही खुणा आहेत काय? प्रवरेकाठी नेवासे येथे अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या. १९८२ मध्ये नर्मदेकाठी हथनोरा येथे प्राचीन मानवी कवटीचा भाग मिळाला. गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. मात्र आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत हाडे टिकत नाहीत. मुलांचे सांगाडे हवे असतील तर अलीकडच्या काळात यावे लागते, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला.

डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत मृत बालकांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरीत असत. उत्तरकाळात ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती मंदावली, शिकारीवर भर वाढला आणि अखेर गाव ओस पडले. पाऊस उणावल्यामुळे हे घडले, अशी डॉ. म. के. ढवळीकर यांची मांडणी होती. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तेथील बालकांच्या हाडांचा अभ्यास केला. उत्तरकाळातील मुलांची वाढ खुरटलेली त्यांना दिसली. पण सारा दोष पावसाच्या माथी मारता येणार नाही, माणसाने जमीन कशी वापरली हेही पाहावे लागेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कारणांविषयी वाद राहील. किंमत कोणी मोजली याविषयी वाद नाही. संकट गावावर आले की त्याची पहिली नोंद मुलांच्या हाडांत होते.

आजीचे उत्तर

मग इतके पराधीन मूल लाखो वर्षे तगले कसे? टांझानियातील हाड्झा या कंदमुळे व शिकारीवर जगणाऱ्या लोकांत क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट आढळली. आई नव्या तान्ह्यात गुंतली की आधीच्या मुलाचे वजन आजीने खणून आणलेल्या कंदांवर अवलंबून असे. माणसाच्या स्त्रीचे आयुष्य प्रसूतीचे वय सरल्यावरही दीर्घकाळ चालू राहते, त्याचे एक कारण हेच असावे, असा त्यांचा तर्क आहे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. व्यवसायाच्या आरंभी मी आज्यांना तपासणीच्या खोलीबाहेर बसवीत असे. काजळ, घुटी, गंडेदोरे यांवर वाद घालण्याचा कंटाळा येई. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतील कित्येक घरांत पाणी शिरले. त्या आठवड्यात दहा महिन्यांचे एक मूल तपासणीसाठी आले. आईबाप घरातला चिखल उपसत होते. आजीने मुलाला नातेवाइकांकडे उंचावर नेले होते. ती पाणी उकळून देई, मऊ पेज आणि नाचणीचे सत्त्व भरवी आणि दिवसातून अनेकदा त्याला पाजण्यासाठी आईकडे नेऊन आणी. मी वजन केले. एक ग्रॅमही घटले नव्हते. त्यानंतर मी आज्यांना आत बसवतो. काजळाविषयी आजही बोलतो, पण त्या खुर्चीवर बसल्यावर.

पाऊस पुन्हा लहरी होत आहे, आणि या वेळी त्यात आपला हात आहे. उत्क्रांतीला जे साधायला हजारो पिढ्या लागल्या, ते आपल्या नातवंडांच्या शरीराला एका पिढीत साधणार नाही. हाती उरते ती जुनीच साधने: आईचे दूध, नाना तऱ्हेचे अन्न, आणि मुलाभोवती आईखेरीज आणखी दोन हात. मयेची ती आजी पुन्हा आली, तर मी तिला सांगेन, "वासराला वर्षभर सांभाळणारे कोणी नसते, म्हणून त्याला लगेच उभे राहावे लागते. तुझ्या नातवाला तू आहेस, म्हणून त्याला सावकाश वाढणे परवडते."