पोशाखी चित्रपटांत कादंबरी किती उरते?

इंग्रजीतील अभिजात कादंबऱ्यांवर चित्रपट निघणे ही काही नवी गोष्ट नव्हे. जेन ऑस्टिनच्या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर हॉलिवूडच्या एमजीएमने १९४० सालीच चित्रपट काढला होता. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि ग्रीर गार्सन त्यात प्रमुख भूमिकांत होते आणि पटकथेला ऑल्डस हक्सलीसारख्या कादंबरीकाराचा हात लागला होता. मात्र ऑस्टिनच्या काळात स्त्रिया जे साधे, सरळ झगे घालीत, ते या चित्रपटात दिसत नाहीत. बेनेट भगिनी पुढच्या पिढीतील फुगीर बाह्यांचे, घेरदार झगे घालून वावरतात. पोशाखाने कथेवर केलेली ही कुरघोडी पुढेही अनेक रूपांत दिसत राहिली.

गंमत अशी, की स्वतः ऑस्टिन कपड्यांचे आणि घरांचे वर्णन फार थोडे करते. ती सांगते ते आकडे. डार्सीचे उत्पन्न वर्षाला १० हजार पौंड, तर एलिझाबेथचे वडील बेनेट यांचे २ हजार. शिवाय बेनेट यांना पाच मुली, आणि त्यांची जमीन केवळ पुरुष वारसाकडे, म्हणजे दूरच्या नात्यातील कॉलिन्सकडे जाणार. वडील गेले की मुलींच्या डोक्यावर छप्पर राहणार नाही. लग्नासाठी आईची चाललेली हास्यास्पद धडपड या भयातून आलेली आहे.

कॅमेऱ्याला आकडे दाखवता येत नाहीत. तो वाडे दाखवतो. अडचण इथेच सुरू होते. आपले डार्सीवरील प्रेम कधी जडले, असे बहिणीने विचारल्यावर एलिझाबेथ कादंबरीत थट्टेने सांगते, की पेम्बर्लीचा परिसर पाहिला तेव्हापासून. पडद्यावर मात्र तो प्रासाद, ते तळे आणि ती हिरवळ पाहताना ही थट्टा प्रेक्षकाला अक्षरशः खरी वाटू लागते. संपत्तीकडे तिरकस नजरेने पाहणारी कादंबरी संपत्तीचे कौतुक करणारा चित्रपट होऊन बसते.

दुसरी अडचण निवेदनाची आहे. ऑस्टिनचा उपरोध पात्रांच्या तोंडी असतो, त्याहून अधिक तो निवेदिकेच्या सुरात असतो. बीबीसीच्या १९९५ सालच्या सहा भागांच्या मालिकेत कादंबरीचे सुप्रसिद्ध पहिले वाक्य एलिझाबेथच्या तोंडी दिले आहे. जेनिफर एलने ते झकास म्हटले आहे. पण साऱ्या समाजावरचे ते भाष्य तिथे एका हुशार मुलीचा शेरा बनते.

याच मालिकेचे पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी आणखी एक मोठा बदल केला. कादंबरी बहुतांशी एलिझाबेथच्या नजरेतून उलगडते. डेव्हिस यांनी डार्सीला स्वतंत्र प्रसंग दिले. तो तलवारबाजी करतो, स्नान करतो आणि चेशरमधील लाइम पार्कच्या परिसरात चित्रित झालेल्या दृश्यात तळ्यात उडी घेतो. कॉलिन फर्थ त्यामुळे घरोघरी पोहोचला. परंतु वाचक एलिझाबेथबरोबर चुकतो, तिच्याबरोबर पूर्वग्रह बाळगतो आणि तिच्याबरोबरच खजील होतो. डार्सीची घालमेल आधीच पाहिलेल्या प्रेक्षकाला ही चूक करायला फारसा वाव उरत नाही.

मग रूपांतरे फसतातच काय? तसे मुळीच नाही. अँग ली दिग्दर्शित 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१९९५) हा त्याचा उत्तम पुरावा. एमा थॉम्पसनच्या ऑस्करविजेत्या पटकथेत आरंभीच पित्याचा मृत्यू आणि संपत्तीची विभागणी येते. पुरुषाला निदान वारसा तरी मिळतो, स्त्रीला तर पैसा कमावण्याचीही मुभा नाही, हे एलिनॉर शांतपणे बोलून दाखवते. येथे पोशाख नुसता डोळ्यांना सुखावत नाही. कोणाची ऐपत काय, हे तो सांगत राहतो.

मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माइल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांनी ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबऱ्यांवर काढलेल्या चित्रपटांवरही 'वारसा मिरवणारे चित्रपट' अशी टीका झाली. पण 'हॉवर्ड्स एन्ड' (१९९२) मध्ये देखण्या घराचा मालक कोण असावा, हाच तर कथेचा मुख्य प्रश्न आहे. रूथ प्रवर झाबवाला यांच्या पटकथेने घराच्या सौंदर्याइतकीच गरीब कारकून लेनर्ड बास्टची कोंडीही ठळक केली. या पटकथेलाही ऑस्कर मिळाले.

डिकन्सचा प्रश्न वेगळा. त्याच्या कादंबऱ्या मुळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत. डेव्हिस यांनीच २००५ साली 'ब्लीक हाउस'चे १५ भाग केले आणि पहिला भाग वगळता बाकीचे अर्ध्या तासाचे ठेवले. दैनंदिन मालिकांची ही घडण वाङ्मयाचा अपमान वाटेल. पण उत्कंठेवर थांबणारा हप्ता ही डिकन्सचीच रीत होती.

तेव्हा रूपांतर मूळ कादंबरीशी किती प्रामाणिक आहे, हे बोनेटच्या रिबिनी आणि घोडागाडीची चाके मोजून ठरवता येत नाही. त्या रेशमी झग्याची किंमत कोण मोजत आहे, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो की नाही, एवढे पाहावे. तो उभा राहिला तर पडद्यावरही कादंबरी जिवंत आहे असे समजावे. नाही तर आपण पाहिले ते केवळ सुंदर कपड्यांचे प्रदर्शन.