संगणक सुरू होत नाही तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी आमच्या धर्मग्राम-कार्यालयातील संगणक सुरू होईना. कळ दाबताच पंखा फिरे, बीप-बीप असा आवाज येई. परंतु पडदा काळाच राही. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी शाईने लिहिलेल्या वहीत सुरक्षित होत्या. परंतु गावातील वृद्धांनी सांगितलेली घराण्यांची हकीकत केवळ या यंत्रातच होती, आणि सांगणाऱ्यांपैकी दोघे जण आता देवाघरी गेले आहेत. तिची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती, हा दोष सर्वस्वी माझा.

"फादर, आता नवाच घ्या," असे अनेकांनी सुचविले. तथापि आधी रोग शोधावा, असे मला वाटले. ज्यांच्या घरी मुलांच्या अभ्यासासाठी संगणक आहे, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो क्रम येथे देतो.

तपासणी नेहमी बाहेरून आत करावी. दिवा व पंखा मुळीच चालत नसतील, तर भिंतीवरील सॉकेट, वायर आणि पेटीच्या मागील बटण पाहावे. वीज पुरविणारा आतील भाग, ज्यास एसएमपीएस म्हणतात, तो मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार काही काळ राहतो.

पंखा फिरतो पण चित्र दिसत नाही, अशा वेळी पडद्याची वीज व केबल पाहावी. पेनड्राइव्ह, प्रिंटर इत्यादी काढून पुन्हा प्रयत्न करावा. सुरू होताना यंत्र स्वतःची तपासणी करते. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्येही ही सोय होती. दोष आढळल्यास पुष्कळ यंत्रे बीप वाजवून तो कळवितात. बीप मोजून त्यांचा अर्थ यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा, कारण प्रत्येक कंपनीची खूण निराळी असते.

आमच्या पुस्तिकेने रॅमकडे बोट दाखविले. मी वायर काढली, कळ काही क्षण दाबून धरली, पेटीच्या धातूस हात लावून अंगातील स्थिर वीज घालविली आणि रॅमच्या पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांच्या सोनेरी कडांवर मळ चढला होता. मऊ खोडरबराने तो हलकेच पुसून, पट्ट्या खाचेत घट्ट बसविल्या. कळ दाबली, आणि पडदा उजळला!

दररोज दिनांक व वेळ चुकत असल्यास आतील नाण्याएवढी ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी बदलावी. हार्ड डिस्क टकटक वाजत असल्यास मात्र यंत्र पुनःपुन्हा सुरू करू नये. तत्काळ जाणकाराकडे न्यावे, अन्यथा आतील मजकूर कायमचा नाहीसा होण्याचा संभव असतो.

त्याच दुपारी मी त्या हकीकतीच्या दोन प्रती काढल्या. एक कपाटात ठेवली, दुसरी कॉन्व्हेंटमधील सिस्टरांच्या स्वाधीन केली. वाचकहो, आपल्या घरची छायाचित्रे व कागदपत्रे यांची दुसरी प्रत आजच काढा. वडीलधाऱ्यांनी विश्वासाने सोपविलेले जपणे, हेही आपले ख्रिस्ती कर्तव्यच होय.