आग लागली कशी?

कडब्याची गंजी पेटो की कापसाचे गोदाम, आग विझण्यापूर्वीच तिचे कारण गावाने ठरविलेले असते. आमच्या शेवगाव तालुक्यात कापूस पुष्कळ पिकतो. त्याची रास पेटली की एक म्हणतो विडीचे थोटूक, दुसरा म्हणतो भाऊबंदकी. आगीचे कारण शोधणे हा ज्यांचा व्यवसायच आहे, त्यांना मात्र इतक्या त्वरेने बोलता येत नाही. आणि येऊही नये.

त्वरेची किंमत काय पडते ते अमेरिकेतील टेक्सास प्रांतात दिसले. १९९१ च्या डिसेंबरात कॉर्सिकाना गावी एक घर जळून तीन लहान मुली दगावल्या. त्यांचा बाप कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम तेवढा वाचला. जमिनीवरील जळाल्याचे वेडेवाकडे डाग आणि काचेवरील कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा यांवरून तपासनिसांनी साक्ष दिली की, ज्वालाग्राही द्रव ओतून ही आग लावलेली आहे. २००४ साली त्याला देहान्त शासन देण्यात आले. वस्तुतः कोंडलेला धूर व वायू तापत जाऊन एका क्षणी सारी खोलीच पेट घेते, आणि मग द्रवाचा थेंबही नसताना तसेच डाग उमटतात. काचेवरील रेघा तर तापलेल्या काचेवर बंबाचे पाणी पडल्यानेही पडतात.

१९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेने ‘९२१’ या क्रमांकाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. प्रत्येक तर्क पुराव्यावर घासून पाहावा, आणि एकाहून अधिक तर्क टिकले तर ‘कारण अनिश्चित’ असे लिहावे, हा तिचा दंडक. पूर्वी एक सोयीची रीत होती: चूल नव्हती, वीज नव्हती, विडी सापडली नाही, तेव्हा आग कोणीतरी लावलीच असली पाहिजे. ही वजाबाकी मार्गदर्शिकेच्या २०११ च्या आवृत्तीने त्याज्य ठरविली. आम्हा मास्तरांना ती चांगली परिचित आहे. वर्गातील खडू कोणी पळविला याचा निकाल बहुधा असाच लागतो!

आपल्याकडील आवडते कारण म्हणजे ‘शॉर्ट सर्किट’. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून करोनाचे दहाहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले, तेव्हाही प्रथम हाच शब्द कानी आला. एखाद्या आगीत तो खराही असेल. परंतु तो सिद्ध करणे सोपे नाही. तांबे सुमारे १०८५ अंश उष्णतेला वितळते, आणि विजेच्या ठिणगीने तारेच्या टोकाशी त्याचा मणी बनतो. पण दुसऱ्याच कारणाने लागलेल्या आगीत तारेवरील वेष्टण जळून दोन तारा भिडल्या, तरी तसाच मणी होतो. तो आगीची आई की लेक, हे नुसत्या मण्याकडे पाहून सांगणे कठीण.

मग अनिश्चितता कबूल केली की दोषी सुटले, असे समजावयाचे काय? मुळीच नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट उभी होती. तिच्यात सुमारे १४०० टन स्फोटके आणि कराचीहून घेतलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेकडो माणसे गेली. त्यांत आग विझविण्यास धावलेले ६६ अग्निशामक होते. दाबलेली गाठ आतल्या आत दीर्घकाळ धुमसते व बाहेर धूर येईतो पत्ता लागू देत नाही; शिवाय येथे पुराव्यासकट बोटच उडाली. युद्धाचे दिवस असल्याने घातपाताची शंका येणे साहजिक होते. चौकशी मंडळाने मात्र आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गाठींत असावे, एवढेच म्हटले. परंतु कापूस स्फोटकांखाली रचला, धोक्याच्या मालाचे लाल निशाण चढविले नाही, स्फोटके उतरविण्यास विलंब लावला आणि बंबवाल्यांना वर्दीही उशिरा दिली, हे दोष त्याने स्पष्टपणे दाखविले.