पत्र आलं, पार्ट आला नाही

(विरार पूर्वेला फुलपाडा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं.)

मागच्या व्याख्यानात आपण प्रामाण्यवाद पाहिला, म्हणजे ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरवायचं याची चर्चा केली. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘सर, कंपनीचा मेसेज आलाय. माझ्या गाडीच्या इंजिनातला एक भाग सदोष असू शकतो. पार्ट आला की कळवू, असं म्हणतात. मग तोपर्यंत गाडी चालवायची की नाही?’ मला वाटलं, आपण दोन तास जे बोललो त्याचीच ही परीक्षा आहे. म्हणून आजचा विषय हाच.

आधी शब्द बघू. वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘कंपनीने एक लाख गाड्या परत मागवल्या.’ परत मागवल्या म्हटलं की वाटतं गाडी घेऊन जातील, पैसे देतील. तसं बहुतेक वेळा होत नाही. गाडी वर्कशॉपला बोलावतात, भाग तपासतात, गरज असेल तर फुकट बदलून देतात. याला रिकॉल म्हणतात आणि हा शब्द कंपन्यांना फारसा आवडत नाही. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी नेतानाच एक नवी कोरी नॅनो पेटली. अशा काही घटनांनंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टाटा मोटर्सने एक्झॉस्ट आणि इलेक्ट्रिक भागांना जादा संरक्षण मोफत बसवून द्यायचं ठरवलं. पण हा रिकॉल नाही, असंही आवर्जून सांगितलं. शब्द टाळला की भीती टळते, असा हिशोब असावा.

आता मुळात हे कंपनीला कळतं कसं? प्रत्येक गाडीला सतरा अक्षरांचा चासी नंबर असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या पुरवठादाराचा माल, कोणत्या गाडीत गेला, याची नोंद असते. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. महिंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिझेल थारच्या १,५७७ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात तयार झालेल्या. कारण काय, तर पुरवठादाराच्या कारखान्यात यंत्राचं सेटिंग चुकलं आणि कॅमशाफ्ट सदोष निघाले असण्याची शक्यता होती. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा दांडा. त्याच वर्षी नाशिकच्याच कारखान्यात भेसळ झालेलं इंधन आलं, आणि २१ जून ते २ जुलै या दिवसांतल्या सहाशेहून कमी गाड्यांची इंजिनं तपासावी लागली. म्हणजे चूक कुठे झाली ते सापडलं की तिच्या तारखा सापडतात, आणि तारखांवरून गाड्या सापडतात.

पण लक्षात घ्या, या १,५७७ गाड्यांपैकी प्रत्येक गाडी बिघडलेली असते असं नाही. पत्रात ‘असू शकतो’ हाच शब्द असतो. आणि इथे आपले जुने पंडित कामाला येतात.

नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं ठरतं ते यशस्वी व्यवहारावरून. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली, म्हणून पाण्याचं ज्ञान खरं. आपण सगळे गाडीच्या बाबतीत नैयायिक असतो. सकाळी सुरू झाली, दहिसर ओलांडलं, संध्याकाळी परत आली, म्हणजे गाडी ठीक! सातव्या शतकातला कुमारिल भट्ट मात्र वेगळं सांगतो. तो म्हणतो, ज्ञानावर आधी विश्वास ठेवा, उगाच शंका काढत बसू नका. पण दोन गोष्टींनी तो विश्वास मागे घ्यावा लागतो. एक, उलटं ज्ञान झालं, याला बाधक म्हणतात. दोरीला साप समजलो, उजेडात दोरी दिसली. दोन, ज्या कारणातून ज्ञान आलं त्यातच दोष आहे हे कळलं. शंख पिवळा दिसतोय, आणि वैद्याने सांगितलं की डोळ्याला कावीळ आहे. मग शंख पुन्हा बघायची गरज नाही. डोळाच सदोष, तर त्याची साक्ष चालणार नाही. याला कारणदोष म्हणतात.

रिकॉलचं पत्र हे कारणदोषाचं ज्ञान आहे. तुमची गाडी रस्त्यात बंद पडलेली नाही, म्हणजे बाधक आलेलं नाही. पण जिथून तिचा भरवसा आला, तो कारखानाच सांगतो की आमच्याकडे चूक झाली असू शकते. अशा वेळी ‘माझी तर मस्त चालते’ हे उत्तर चालत नाही. काविळीच्या माणसालाही शंख अगदी स्पष्ट पिवळा दिसत असतो.

बरं, दोष कळला. पुढे काय? खरा पेच इथून सुरू होतो, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या पावसाशी जोडलेलं आहे.

३ सप्टेंबर २०२१. मारुती सुझुकीने १,८१,७५४ पेट्रोल गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या. तपासायचा होता मोटर-जनरेटर युनिट. हा भाग पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असतो. गाडी धावताना तो वीज तयार करतो, सिग्नलला थांबलेलं इंजिन पुन्हा सुरू करतो आणि वेग घेताना थोडा हातभार लावतो. पार्ट बदलायचं काम सुरू होणार होतं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून. आणि तोपर्यंत? तोपर्यंत मालकांना सल्ला होता की साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका.

(हशा)

हसलात, कारण तुम्ही विरारचे आहात. दिल्लीच्या माणसाला हा सल्ला अगदी वाजवी वाटेल. पण जुलै २०१८ मध्ये आपण इथे काय पाहिलं? नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, वीज नाही, वसईतल्या मिठागरात माणसं अडकलेली. सप्टेंबरमध्ये आपला पाऊस संपलेला नसतो. शिवाय २०२१ची गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला, म्हणजे घोषणेनंतर बरोबर एका आठवड्याने. अर्टिगा ही कोकणात गणपतीला जाणाऱ्या कुटुंबाची गाडी. सात माणसं, आरास, नारळ, आजी पुढच्या सीटवर. त्या कुटुंबाला सांगितलंय की पाण्यातून जाऊ नका. कुठून जायचं मग?

मी कंपनीला दोष द्यायला उभा नाही. पावणेदोन-दोन लाख पार्ट एका रात्रीत तयार होत नाहीत. पार्ट हाती आल्यावरच जाहीर करू, असं म्हणून गप्प बसणं जास्त वाईट झालं असतं. आधी सांगितलं, ते योग्यच. पण सांगितल्यामुळे काय झालं बघा. ३ सप्टेंबरच्या आधी त्या मालकाला काही माहीत नव्हतं. काही झालं असतं तर लोक त्याला दुर्दैवी म्हणाले असते. ३ तारखेनंतर तोच माणूस, तीच गाडी, तोच रस्ता, पण आता लोक म्हणणार, ‘तुला सांगितलं होतं ना?’ ज्ञान त्याच्याकडे आलं, पण उपाय अजून कंपनीकडेच आहे. आणि जबाबदारी गुपचूप ज्ञानाबरोबर सरकली. मला हे पटत नाही. जो काही करू शकतो, त्याच्याकडे जबाबदारीचा मोठा भाग राहिला पाहिजे. नुसतं कळवल्याने तो हलका होत नाही. पत्रात ‘हे करू नका’ असेल, तर ‘त्याऐवजी आम्ही हे देतो’ हेही असायला हवं. पर्यायी गाडी, टोइंग, निदान एक पक्की तारीख.

याउलट जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या, तेव्हा भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असा स्पष्ट सल्ला दिला. कडक आहे, पण प्रामाणिक आहे. माणसाला आपण कुठे उभे आहोत ते कळतं. ‘शक्यतो टाळा’ या शब्दात मात्र सगळा भार वाचणाऱ्यावर असतो.

इंजिनाच्या बाबतीत आणखी एक गैरसमज आहे. ब्रेक फेल म्हणजे धोका, आणि इंजिन बंद पडणं म्हणजे नुसता खोळंबा, असं आपल्याला वाटतं. होंडाने इंधनपंपासाठी जून २०२० मध्ये ६५,६५१, एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्या बोलावल्या. पंपाने दगा दिला तर चालतं इंजिन थांबू शकतं. गल्लीत थांबलं तर ढकलू. पण अहमदाबाद हायवेवर वसईच्या खाडीपुलाकडे उतारावर थांबलं, मागे कंटेनर, तर? इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते, पेडल दगडासारखं लागतं. अमेरिकेत जनरल मोटर्सने नेमकी हीच चूक केली. इग्निशनची किल्ली चालता चालता सरकायची, इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीत हा प्रश्न ग्राहकाच्या ‘सोयी’च्या खात्यात टाकला होता, सुरक्षेच्या नाही. दहा वर्षांहून जास्त काळ तो तिथेच पडून राहिला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या बोलावल्या. पुढे भरपाई देताना १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मानले गेले. कोणत्या खान्यात टाकलं, एवढ्यावर माणसं गेली. वर्गीकरण हा तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा कंटाळवाणा धडा आहे असं समजणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण जरूर सांगेन.

आणि कधी कधी धोका गाडीत बसलेल्याला नसतोच. १ डिसेंबर २०१५ला फोक्सवॅगन समूहाने भारतात ३,२३,७०० डिझेल गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. पुण्याच्या एआरएआय संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या, तेव्हा धूर प्रमाणापेक्षा जास्त निघाला होता. गाडी मालकासाठी उत्तम चालत होती. त्रास मागून चालणाऱ्याला होता. दुरुस्ती टप्प्याटप्प्याने, लांबत गेली. हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड केला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेने पाळायची संहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ कलम आलं, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पर्यावरणाला, गाडीतल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल, तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना आहेत, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. कंपनीने स्वतःहून कळवून रिकॉल केला तर हा दंड नाही, आणि ही तरतूद मला शहाणपणाची वाटते, कारण कबुलीला शिक्षा केली तर कोणी कबूल करणार नाही. कलमात कंपनीने काय करायचं तेही आहे. पूर्ण किंमत परत, किंवा तशीच अथवा वरच्या दर्जाची गाडी, किंवा दुरुस्ती. पण दुरुस्ती किती दिवसांत, हे त्या कलमात मोजलेलं नाही. पत्र आणि पार्ट यांच्या मधले दिवस तिथे नाहीतच.

म्हणून ते दिवस आपण कागदावर आणायचे. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून आपली गाडी यादीत आहे का ते बघा. असेल तर फोनवर बोलून थांबू नका, ईमेल करा. पार्ट कधी येणार, तोपर्यंत गाडी चालवणं सुरक्षित आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. उत्तर आलं तर ते जपून ठेवा, नाही आलं तर आपला ईमेल जपून ठेवा. इंजिन अडखळत असेल, मध्येच बंद पडत असेल, तर जॉब कार्डवर तसंच लिहून घ्या. तिथला माणूस ‘जनरल चेकअप’ लिहील, ते चालणार नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, मी टुरिस्ट गाडी चालवतो. हप्ता आहे. महिनाभर गाडी उभी ठेवणं मला परवडणार नाही. मी काय करायचं?

तुमचा प्रश्न माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षा अवघड आहे. ११०-अ मध्ये गाडीची किंमत आहे, बुडालेल्या दिवसांची मजुरी नाही. पण ग्राहक कायद्यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू असली की माणूस ग्राहक ठरत नाही, असा नियम आहे. मात्र स्वतः राबून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. म्हणजे स्वतःची एक गाडी स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच. बुडालेल्या भाड्यांचा हिशोब तारखेनिशी ठेवा, मागताना तो लागेल. दुसरं, तुमच्या मागच्या सीटवर जो बसतो त्याला पत्र आलेलं नाही. तुमच्या जोखमीचा निर्णय तुम्ही घेऊ शकता, त्याच्या वतीने घेऊ शकत नाही. पत्रात ‘चालवू नका’ असेल तर भाडं घेऊ नका. ‘पाणी टाळा’ असेल तर पावसात लांबचं भाडं नाकारा, जवळची करा. कमी मिळेल, मला माहीत आहे. आणि तुमच्यासारखे दहा-बारा जण एकत्र येऊन डीलरकडे गेलात, तर एकट्याच्या फोनपेक्षा लवकर तारीख मिळते.

प्रश्न : आम्ही जुनी गाडी घेतली. पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जात असेल ना?

जाऊ शकतं, ताई. तो नालासोपाऱ्याहून बोईसरला गेला असेल तर त्यालाही मिळणार नाही. तुमच्या आरसी बुकावर चासी नंबर आहे, तो घेऊन अधिकृत वर्कशॉपला जा, या गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का विचारा, आणि तुमचा मोबाइल नंबर त्यांच्या नोंदीत टाकायला सांगा. गाडी सेकंडहँड असली तरी रिकॉलचं काम फुकटच असतं. आज शनिवार आहे. सोमवारी फोन करा.