वाट दाखवणारा मिलिव्होल्ट

काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये बारीकशी फट ठेवायची, तिच्यात पोषक द्रव भरायचा आणि मेंदूच्या मूळपेशी सोडायच्या. दोन्ही टोकांना क्षारद्रवात शिजवून घट्ट केलेल्या चायनाग्रासच्या नळ्या जोडायच्या. घरी पुडिंगला वापरतो तोच हा पदार्थ. इलेक्ट्रोडपाशी तयार होणारी रसायनं तो पेशींपासून लांब ठेवतो, वीज मात्र जाऊ देतो. मग मंद एकदिश प्रवाह सुरू करून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. आधी वाट फुटेल तिकडे रेंगाळणाऱ्या पेशी हळूहळू एकाच बाजूला कलू लागतात. पुढच्या कडेला पातळ पदर पसरतो, मागचं अंग ओढलं जातं आणि पेशी ऋण टोकाकडे सरकत राहतात. टोकांची अदलाबदल केली, की माघारी वळतात.

2012 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे मिन झाओ यांच्या गटाने मानवी चेता-मूळपेशींवर हा प्रयोग केला. मिलिमीटरमागे अवघे 16 मिलिव्होल्ट त्यांना पुरले. पेशी साधारण 10 मायक्रोमीटर रुंद धरली, तर तिच्या दोन कडांमधला फरक मिलिव्होल्टच्या सहाव्या हिश्शाएवढाच भरतो. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या व्होल्टेजचा हा नऊ हजारावा भाग! एवढीशी चाहूल पेशीला कशी लागते, हे मला या विषयातलं सर्वांत मोठं नवल वाटतं. तिच्या आवरणावरची भारित प्रथिनं एका कडेला सरकतात, तिथून आत निरोप जातो आणि त्याच बाजूला पेशीचा सांगाडा नव्याने उभा राहू लागतो, असा आजचा अंदाज.

शरीरातली अशी वीज नवी नाही. 1843 साली एमिल द्यू बॉइस-रेमाँ यांनी स्वतःच्या बोटावरच्या जखमेतून वाहणारा प्रवाह मोजला होता. मेंदूतही तिचा माग लागला आहे. उंदराच्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला जन्मलेल्या कोवळ्या चेतापेशी काही मिलिमीटर चालत गंधकंदापर्यंत जातात. पेशीच्या मापाने ही शेकडो अंगांची पायपीट. 2013 साली झाओ यांच्याच गटाने या वाटेवर नैसर्गिक विद्युतप्रवाह मोजले आणि ते पेशींना दिशा देत असावेत असं मांडलं. माणसात ही वाट तान्हेपणी गजबजलेली असते; दीड वर्षाच्या पुढे जवळपास ओस पडते.

म्हणून 2017 चा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. उंदराच्या मोठ्या जातभाईच्या, म्हणजे रॅटच्या मेंदूत याच वाटेवर मानवी मूळपेशी सोडल्या आणि विजेने त्यांना उलट, पोकळीकडे नेलं. निसर्गाचा ओढा गंधकंदाकडे असतानाही त्या वळल्या. तीन आठवड्यांनी आणि चार महिन्यांनी तपासलं तेव्हाही विजेचा परिणाम दिसत होता. मेंदूतल्या दुखावलेल्या भागाकडे पेशी अशाच नेता आल्या तर? अर्धांगवायूने एक बाजू गेलेलं माणूस ज्या घरात आहे, तिथे ही बातमी कोणत्या आशेने वाचली जाईल, हे सांगायला नको. त्या घरासाठीच पुढचंही स्पष्ट लिहायला हवं: हा उपचार नाही. रॅटचा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा, आपला सुमारे 1,400. तिथले मिलिमीटर इथे सेंटिमीटर होतात. एकदिश प्रवाह फार वेळ दिला, तर इलेक्ट्रोडभोवतीच्या ऊतींना इजा होते. म्हणून टोरंटोत सिंडी मॉर्सहेड यांचा गट दोन्ही दिशांचा भार समतोल ठेवणाऱ्या स्पंदांवर काम करतो. त्यांच्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: ऋण टोकाकडे धावतात त्या फक्त अजून काहीच न झालेल्या, अपक्व पेशी. एकदा पेशीने आपलं रूप घेतलं, की तीच वीज लावली तरी ती जागची हलत नाही.