जुना संगणक : किलोचा भाव की बोलीचा?

दिवाळीची आवराआवर निघाली की अमरावती-अकोल्यातील घरांतून, शिकवणी वर्गांतून आणि डीटीपीच्या दुकानांतून जुने संगणक बाहेर पडतात. भंगारवाला ते काट्यावर ठेवतो, किलोचा भाव सांगतो आणि व्यवहार तेथेच संपतो. बहुतेक संगणकांची योग्यता तेवढीच असते, हेही खरे. परंतु काही यंत्रे अशी असतात की त्यांना जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे संग्राहक शोधत असतो. ती ओळखायची कशी आणि ऑनलाइन लिलावात त्यांचा भाव ठरतो कसा, हे काट्यावर चढवण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

हर्रासाचा जुना धडा

लिलाव वऱ्हाडाला परका नाही. बाजार समितीच्या आवारातील हर्रास येथे पिढ्यानपिढ्या परिचयाची आहे. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथील कापूस बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियमांखाली आला. देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. वजन खरे असावे, बोली उघड असावी, हे त्यामागील तत्त्व. ऑनलाइन लिलावही याच दोन गोष्टींवर उभा आहे.

तेथे बोली लावणारा आपली कमाल मर्यादा गुप्तपणे नोंदवून ठेवतो आणि त्याच्या वतीने यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा, एका संगणकाची बोली ५०० रुपयांपासून सुरू झाली. एकाची मर्यादा ३,००० रुपयांची, दुसऱ्याची २,२०० रुपयांची आणि बोलीची पायरी १०० रुपयांची. वस्तू पहिल्याला मिळेल, पण २,३०० रुपयांत. म्हणजे भाव ठरवतो तो दुसऱ्या क्रमांकाचा ग्राहक. एकच व्यापारी आलेल्या आवारात कापसाचा भाव चढत नाही, तसेच हे. म्हणून सुरुवातीची किंमत वाढवून ठेवण्यापेक्षा दोन जाणकार ग्राहक गोळा करणे अधिक फायद्याचे. अगदीच पडेल भावात वस्तू जाऊ नये यासाठी राखीव किंमत ठेवता येते. मित्राकरवी खोटी बोली लावण्याचा मोह मात्र टाळावा. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार अशा बोलीने भाव चढवला असेल, तर खरेदीदाराला व्यवहार नाकारता येतो.

कशाला मागणी?

१९७६ साली सुमारे २०० च्या संख्येने तयार झालेला ‘ॲपल-१’ तेव्हा ६६६.६६ डॉलरना विकला जाई. चालू स्थितीतील असा एक संगणक २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९,०५,००० डॉलरना घेतला. हे उदाहरण डोळे दिपवणारे असले तरी आपल्या माळ्यावरील पेन्टियमला ते लागू नाही. जुनेपणाने किंमत येत नाही. ती दुर्मिळतेने येते.

आपल्याकडे ही दुर्मिळता कुठे सापडेल? १९८३ साली राज्यात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. शेगाव, बडनेरा आणि अकोला येथील महाविद्यालये त्याच वर्षीची. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सचा ‘युनिकॉर्न’ हा त्याचाच भारतीय अवतार. एचसीएलचा ‘बिझीबी’, पडद्यावर देवनागरी उमटवणारे सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड, आयबीएमचा खणखणीत वाजणारा ‘मॉडेल एम’ कीबोर्ड, ही नावे दिसली तर थांबावे. मूळ खोका, माहितीपुस्तिका, फ्लॉपी आणि खरेदीची पावती सोबत असल्यास किंमत आणखी वाढते.

विक्रीपूर्वी काय करावे?

वर्षानुवर्षे बंद पडलेले यंत्र थेट वीजजोडणीवर लावू नये. पॉवर सप्लायमधील जुने कपॅसिटर फुटू शकतात. २८६, ३८६, ४८६ काळातील मदरबोर्डवरील बॅटरी पाझरून पट्ट्या खाते, ती जाणकाराकडून काढून घ्यावी. जुना काचेचा मॉनिटर घरी उघडू नये, त्यात विद्युतभार साठलेला असू शकतो. हार्डडिस्क नुसती फॉरमॅट केल्याने माहिती नाहीशी होत नाही. ग्राहकांची कागदपत्रे असलेल्या डीटीपी चालकांनी तर ती पुसून घेण्याचे विशेष भान ठेवावे. त्याआधी जुन्या फॉन्टमधील मराठी मजकुराची प्रत काढावी; यंत्र गेले की तो वाचणेही अवघड होते. वर्णनात ‘चालू’, ‘तपासलेला नाही’ आणि ‘बंद’ यांतील फरक स्पष्ट लिहावा. गंज आणि तडे यांचीही छायाचित्रे द्यावीत.

विकायचे कुठे, हा प्रश्न आता पूर्वीइतका सोपा नाही. २००४ साली ईबेने ‘बाझी डॉट कॉम’ विकत घेतले आणि लिलावाचा तो मंच अनेक भारतीयांच्या परिचयाचा झाला. पण ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. परदेशी लिलावात व्यापारी स्वरूपाची विक्री करायची तर आयात-निर्यात संकेतांक लागतो. शिवाय वजनदार यंत्राचा टपालखर्च किमतीहून अधिक होऊ शकतो. म्हणून अनेकदा संपूर्ण संगणकाऐवजी कीबोर्ड वा कार्ड पाठवणे परवडते.

खरी हानी मात्र घरांपेक्षा संस्थांत होते. सरकारी कार्यालयांचे निर्लेखित साहित्य एमएसटीसी किंवा जेम या मंचांवरील ई-लिलावात अनेकदा एकगठ्ठा जाते. त्या गठ्ठ्यात एखादा ‘युनिकॉर्न’ असला तरी यादीत तो केवळ ‘जुना संगणक, एक नग’ ठरतो. निर्लेखनाच्या यादीत बनावट, मॉडेल आणि वर्ष एवढे तीन रकाने वाढवले, तरी पुष्कळ वाचेल. उरलेला ई-कचरा १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा.

मालाचे वर्णन खरे आणि बोली उघड असली की भाव आपोआप सापडतो, हा धडा कारंजाच्या बाजाराने फार पूर्वीच दिला आहे. काट्यावर मात्र पत्र्याचे वजन होते, इतिहासाचे होत नाही.